शेवंतीचं रक्त

उत्कर्षा मोहोड पुण्यात आली ती गुरांच्या आजारावर संशोधन करायला, पण पाच वर्षांत तिचा हात एकाही गुराला लागला नव्हता. तिचं सगळं काम संगणकावर चालायचं. गोचीड गाईला चावते तेव्हा गोचिडीच्या लाळेतून जे परजीवी रक्तात उतरतात, त्यांतले दोन उत्कर्षाच्या वाट्याला आले होते. दोघे एकाच कुळातले, चुलतभाऊच म्हणा. थोरला गाईला दहा-पंधरा दिवसांत मारतो. धाकटा सहसा वर्षानुवर्षं रक्तात मुकाट राहतो. गाय चरते, दूध देते, कुणाला पत्ताही लागत नाही. एवढं जवळचं नातं असून एक मारेकरी आणि दुसरा नुसता भाडेकरू, हे का, हा तिच्या प्रबंधाचा प्रश्न. दोघांचे जीनोम, म्हणजे त्यांच्या जनुकांची अख्खी पोथी, परदेशातल्या लोकांनी वाचून जगाला खुली करून दिली होती. उत्कर्षा त्या पोथ्या शेजारी शेजारी लावायची आणि ओळीला ओळ ताडून बघायची.

२०१३ सालचा मार्च चालू होता. हडपसरच्या खोलीत तिच्याबरोबर राहणारी नम्रता आयटीत तिसरी कंपनी बदलून बसली होती, आणि उत्कर्षाचा प्रबंध अजून तिसऱ्या प्रकरणापुढे सरकत नव्हता. तिच्या मार्गदर्शक डॉ. श्यामला गद्रे यांनी एका सोमवारी सगळ्यांसमोर तिचे तक्ते चाळले आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"अहो मोहोडबाई, दुसऱ्यांच्या पोथ्यांवर रेघा मारून डॉक्टरेट मिळत असती, तर आमच्या शिपायालाही मिळाली असती. आपलं स्वतःचं काही आहे का यात?"

प्रयोगशाळेतली पोरं हसली. उत्कर्षाही हसली. पहिल्या वर्षी ती एकदा आपल्या वऱ्हाडी बोलीत "मी तेच करून राहिले" असं म्हणून गेली होती, तेव्हा बाईंनी विचारलं होतं, "करताय की राहताय? एक काय ते ठरवा." त्या दिवसापासून बाईंसमोर बोलायच्या आधी ती वाक्य मनात एकदा म्हणून बघायची.

स्वतःचं म्हणजे इथल्या गाईच्या रक्तातला परजीवी. लोणी काळभोरच्या बाजूला गुरांचे डॉक्टर मच्छिंद्र काळे यांनी गोठ्यागोठ्यांतून तीस जनावरांच्या रक्ताच्या नळ्या पाठवल्या. अठ्ठावीस नळ्यांत काही विशेष नव्हतं. एकीत थोरला निघाला, त्या गाईला काळ्यांनी तिथल्या तिथे औषध देऊन टाकलं होतं. तिसाव्या नळीपाशी उत्कर्षा थबकली. रक्तात फक्त धाकटा होता, थोरल्याचा मागमूस नव्हता, आणि तरी रक्त पांढुरकं पडत चाललं होतं. कुणाला न मारणारा भाडेकरू इथे मारायला निघाला होता.

श्यामलाबाईंनी स्वतः सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला.

"किती पेशी धरल्यात यानं?"

"शंभरात चार."

"चारनं काय होणार? सगळा गाईचाच डीएनए वाचत बसू आपण. जीनोम नीट यायचा तर शंभरात चाळीस तरी हव्यात. वाढू दे."

"मॅडम, गोचीड तापाची सुई वेळेत दिली तर गाय वाचेल बहुतेक."

"सुई दिली तर परजीवीही मरेल. मग आपण काय वाचायचं, गाईची कुंडली?" बाईंनी खण उघडून एक इंग्रजी कागद काढला. "संस्थेच्या समितीनं मंजूर केलेलं संमतिपत्र आहे. मालकाची सही घ्या. रीतसर आहे सगळं."

गाय कौशल्याबाईंची होती. लोणीत हमरस्त्याला लागून त्यांचा नवा दुमजली बंगला होता, फरश्यांचा, पुढे सोनेरी रंगाचं फाटक. नवरा, दत्तोबा, तीन वर्षांपूर्वी गेले. मळ्याची जमीन मोठ्या टाऊनशिपला गेली होती आणि मुलगा रणजित आता जमिनींच्याच व्यवहारात होता. बंगल्याच्या बाजूला, रस्त्याच्या तोंडावर, पत्र्याचा एक गोठा तेवढा राहिला होता. त्यात एक कालवड आणि शेवंती, काळीपांढरी, संकरित, कपाळावर चांद असलेली.

कौशल्याबाई साठीच्या. त्यांनी उत्कर्षाला पाण्याचा तांब्या दिला, गाव विचारलं. दर्यापूर म्हटल्यावर म्हणाल्या, "लई लांबनं आलीस ग पोरी. वडील काय करत्यात?"

"गुरांच्या दवाखान्यात कंपाउंडर होते."

"मग तुला कळतंय. बघ बाई हिला. चार दिस झालं, वैरणीला तोंड लावीना. मच्छिंद्र डाक्टर लसीकरणावर गेल्यात, पार पुरंदरकडं. म्हणलं, पुण्याच्या बाई बघत्याती, आता काळजी न्हाय."

उत्कर्षानं शेवंतीच्या खांद्यापुढे हात फिरवला, डोळ्याची पापणी खाली ओढली. आत गुलाबी दिसायला हवं तिथे फिकट पिवळं होतं. वडिलांच्या मागे मागे लहानपणी शंभर गोठे पालथे घातलेले हात. मानेची शीर त्यांना पहिल्या फटक्यात सापडली. कौशल्याबाई कौतुकानं बघत राहिल्या.

कागद रणजितनं वाचला. तो इंजिनिअरिंगचा डिप्लोमा झालेला होता. ओसरीच्या पायरीवर उभा राहून त्यानं दोन्ही बाजू वाचल्या आणि आवाज खाली आणून म्हणाला, "म्हणजे रक्त घेऊन होईपर्यंत औषध द्यायचं नाही."

"हो. आठएक दिवस."

"आणि तोवर गेली तर?"

"बहुतेक नाही जाणार."

"नाही, मी आपलं विचारलं." त्यानं गोठ्याकडे पाहिलं, मग आईला हाक मारली. "आई, सही कर. सरकारी काम आहे, चांगलं आहे."

"औषीद देणार ना ह्या?"

रणजित उत्कर्षाकडे बघत राहिला. उत्तर तिनंच द्यायचं होतं.

"आम्ही रोज येऊन बघणार आहोत, मावशी," उत्कर्षा म्हणाली.

कौशल्याबाईंनी हात धुतले, पदराला पुसले, आणि एकेक अक्षर जोडत पूर्ण नाव लिहिलं.

बसथांब्यापर्यंत रणजितनं तिला गाडीनं सोडलं. वाटेत म्हणाला, "मॅडम, खरं सांगू का, गोठ्याची जागा आईच्या नावावर आहे. रस्त्याला लागून आहे, पुढचं काम त्याच्यासाठी अडलंय. शेवंती हाय तवर गोठा हाय, म्हणते. बाबांनी आणली होती ना ती. तुम्ही तुमचं काम शांतपणे करा. माझ्याकडून काही त्रास नाही." गाडीतून उतरताना उत्कर्षा त्याला थँक यू म्हणाली.

ती रोज सकाळी जायची. हडपसरच्या गाडीतळावरून बस, पुढे पायी, खांद्याला बर्फाचा डबा. दुसऱ्या दिवशी रक्त काढल्यावर कौशल्याबाई म्हणाल्या, "आन् सुई?" उत्कर्षाच्या पिशवीत ताकदीच्या औषधाची बाटली होती, पिवळ्या पाण्याची. कमीत कमी जनावर उभं राहील म्हणून तिनं ती आणली होती. तिनं ते पिवळं पाणी पिचकारीत भरलं आणि शेवंतीच्या मानेत टोचलं.

"हेच औषीद का?"

"हेच."

यात तिला बाईंनी सांगितलेलं काही नव्हतं, कागदात लिहिलेलं काही नव्हतं. ते तिचं तिनं केलं. परतीच्या बसमध्ये तिनं स्वतःला समजावलं की औषध तर औषधच आहे, आणि मग नळी हलत नाही ना ते बघत बसली.

शंभरात सात. शंभरात अकरा. चौथ्या दिवशी सतरा. श्यामलाबाई आता तिला नावानं हाक मारू लागल्या होत्या. एकदा त्यांनी आपल्या डब्यातली साबुदाण्याची खिचडी तिच्यापुढे सरकवली. पाच वर्षांत हे पहिल्यांदाच होत होतं.

त्या संध्याकाळी वडिलांचा फोन आला. रंगनाथ मोहोड दर आठवड्याला फोन करायचे आणि तिच्या कामातलं काही कळत नाही असं सांगून ठेवून द्यायचे. या वेळी तिनं गाईबद्दल सांगितलं तसा त्यांचा आवाज बदलला.

"डोये पिवये दिसून राह्यले का?"

"हो."

"मंग गोचीड तापाची लाल सुई देल्ली ना तुनं?"

"देणार आहे, बाबा."

"देणार आहे म्हंजे? वाट काहून पाहून राह्यली? उभी हाये तवा दिली तं वाचते. बसली मंग काही खरं नाही."

"इथे नेटवर्क नाहीये नीट," असं म्हणून तिनं फोन बंद केला. दुसऱ्या दिवशी तिनं औषधांच्या दुकानातून लाल सुईची बाटली विकत घेतली आणि पिशवीच्या तळाशी ठेवली. आणली आहे, एवढ्यानं तिला बरं वाटलं. ती बाटली तीन दिवस गोठ्यात जाऊन परत येत राहिली.

सहाव्या दिवशी शेवंती बसली. कौशल्याबाईंनी तिच्या कुशीला भुश्शाची पोती लावली होती, म्हणजे ती आडवी होऊ नये. गुळाचं पाणी तिच्या ओठांवरून खाली ओघळत होतं. कालवड दुसऱ्या कोपऱ्यातून बघत उभी होती.

"मच्छिंद्र डाक्टरला फोन लावू का ग?" कौशल्याबाईंनी विचारलं. विचारताना त्या उत्कर्षाची परवानगी मागत होत्या. "येतील ते, आडीनडीला. मोटारसायकल हाय त्यांची."

"नको, मावशी. दोन औषधं पोटात एकमेकांना मारतात. माझं औषध चालू आहे ना."

किती सहज आलं ते तोंडातून. तिला मनात एकदाही म्हणून बघावं लागलं नाही.

"तसं असंल तर न्हाय बोलवत," कौशल्याबाई म्हणाल्या.

रणजित दारात उभा होता. त्यानं सगळं ऐकलं आणि फोनवर बोलत बंगल्यात निघून गेला.

आठव्या दिवशी शीर सापडेना. रक्तच उरलं नव्हतं, मान थंड लागत होती. उत्कर्षानं दोनदा सुई खुपसली, तिसऱ्यांदा खुपसली. शेवंतीनं डोकं हलवायचा प्रयत्न केला तशा कौशल्याबाई मातीत मांडी घालून बसल्या, डोकं मांडीवर घेतलं, दोन्ही हातांनी घट्ट धरलं. "झालं ग माझे बाय, झालं. तुझ्या भल्यासाठी करतीया ती." आणि उत्कर्षाला म्हणाल्या, "घे तू, मी धरलीया."

नळ्या भरायला पाऊण तास लागला. रक्त इतकं पातळ होतं की नळीच्या काचेला धरत नव्हतं. झाकणं लावून, नावं घालून, नळ्या बर्फात ठेवल्यावर उत्कर्षानं पिशवीच्या तळातून लाल बाटली काढली आणि औषध शेवंतीच्या मानेत दिलं.

कौशल्याबाई बघत होत्या. "आजवर देत हुतीस ते पिवळं हुतं."

"हे शेवटचं असतं."

"लाल कसं?"

"मावशी, मला निघायला हवं, चार तासांत पोचायचंय." घाईत लाल आणि पिवळी, दोन्ही रिकाम्या बाटल्या गव्हाणीच्या कडेवर राहिल्या. प्रयोगशाळेत पोचून तिनं पहिल्याच काचपट्टीवर पेशी मोजल्या. शंभरात त्रेचाळीस. ती धावत बाईंकडे गेली. बाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला. ती तो हात अंगावर घेऊन उभी असताना रणजितचा फोन आला.

"गेली."

"मावशी?"

"बसलीय तिथंच. जेसीबी सांगितलाय पुरायला. तुमचं झालं ना सगळं?"

"झालं."

तीन आठवड्यांनी कौशल्याबाई संस्थेत आल्या. दोन बसगाड्या बदलून, एकट्या, विचारत विचारत. फाटकावरच्या माणसानं त्यांना श्यामलाबाईंच्या खोलीत आणून सोडलं आणि उत्कर्षाला बोलावणं गेलं. कौशल्याबाईंनी कापडी पिशवीतून दोन बाटल्या काढून टेबलावर ठेवल्या.

"मच्छिंद्र डाक्टरांनी वाचून दाखवल्या. म्हणले, ही पिवळी ताकदीची. तापाची ती लाल. पैल्या दिशी लाल दिली असती तर जगण्याची आशा हुती, म्हणले. मी इचाराय आले, आठ दिस पिवळी का दिली?"

श्यामलाबाई शांतपणे उठल्या, कपाटातून फाइल काढली. "बसा. चहा घेणार का?" कागद त्यांनी उत्कर्षाकडे दिला. "यांना वाचून दाखवा. मराठीत सांगा, व्यवस्थित."

उत्कर्षानं वाचलं. रक्ताचे नमुने पूर्ण होईपर्यंत जनावराला या आजारावरील औषध देण्यात येणार नाही. जनावर दगावल्यास संस्था जबाबदार राहणार नाही. मालकास हे समजावून सांगण्यात आले आहे. प्रत्येक वाक्याला तिचा आवाज बारीक होत गेला. बाई मधेच म्हणाल्या, "जरा मोठ्यानं." 

कौशल्याबाईंनी कागद हातात घेतला, खालच्या अक्षरांवरून बोट फिरवलं. "सही माझीच हाय."

"मग झालं तर," श्यामलाबाई म्हणाल्या.

"पर हे मला सांगितलं न्हवतं हिनं."

"तोंडी काय बोलणं झालं ते आम्हाला कसं कळणार? आमच्याकडे कागद असतो." बाईंनी घड्याळाकडे पाहिलं. "आणखी काही विचारायचंय का आपल्याला?"

उत्कर्षा त्यांना सोडायला जिन्यापर्यंत गेली. तिला वाटलं होतं, त्या शिव्या देतील. कौशल्याबाई कठड्याला धरून एकेक पायरी उतरत होत्या आणि स्वतःशीच बोलल्यासारखं बोलत होत्या.

"तुला तर काय, तुझं शिक्षण. तुला कोण म्हणणार? माझा रणजित भोळा. वाचलं त्यानं, पर त्याला हे इंग्रजी उमगलं नसंल. नुसता बघत हुता बिचारा कागदाकडं. कळलं असतं तर त्यानं करू दिलं नसतं. त्याच्या बापाची गाय ती."

उत्कर्षानं गप्प राहायचं होतं, एवढंच. जिन्याच्या आठ-दहा पायऱ्या उरल्या होत्या. त्या उतरून त्या बाई आपल्या मुलाकडे घरी गेल्या असत्या आणि सगळा दोष उत्कर्षाच्या माथी राहिला असता. ते ओझं तिला त्या क्षणी पेलेना. आणि सांगायला तिच्याजवळ एक खरी गोष्ट होती.

"त्यांना समजलं होतं, मावशी."

कौशल्याबाई थांबल्या.

"त्यांनी मला विचारलं होतं, तोवर गेली तर? मग त्यांनी तुम्हाला सही करायला सांगितली. गोठ्याची जागा मोकळी हवी होती त्यांना. मला गाडीत बोलले."

त्या बाईला तिनं सांगितलेली ही पहिली खरी गोष्ट. कौशल्याबाई पायरीवर बसल्या. खाली बसताना त्यांचा पदर खांद्यावरून सरकला, तो त्यांनी सावरला नाही. वरून दोन विद्यार्थी मोबाइलवर बोलत उतरले आणि त्यांना वळसा घालून गेले. मग त्यांनी विचारलं, "हडपसरची गाडी कुठं लागती?"

"मी येते सोबत."

"नगं. नुसतं सांग."

तिनं सांगितलं. त्या गेल्यावर तिला हलकं वाटलं. नंतर तिला त्या हलकं वाटण्याची भीती वाटली, पण त्या दुपारी तरी हलकंच वाटलं.

जीनोम सुरेख वाचला गेला. लोणीचा धाकटा आणि परदेशात वाचलेला धाकटा, दोघांच्या पोथ्या शेजारी लावल्यावर एका जागी सलग सोळा जनुकं निराळी निघाली. उत्कर्षा त्या रांगेकडे बघत बसली तेव्हा पाच वर्षांत पहिल्यांदा तिला भूक विसरायला झालं. शोधनिबंध सप्टेंबरात स्वीकारला गेला. शेवंतीबद्दल त्यात एक ओळ होती: नैसर्गिक संसर्गाने आठव्या दिवशी मृत्यू. ती ओळ उत्कर्षानंच लिहिली. तपासणाऱ्या तिघांनी बाकी पुष्कळ शंका काढल्या, या ओळीवर कुणी बोट ठेवलं नाही. श्यामलाबाईंनी पेढे आणले आणि म्हणाल्या, "बघा, राहिलात ना करून." सगळे हसले, आणि उत्कर्षाही.

दिवाळीच्या आधी रणजितचा फोन आला. नंबर तिनं पुसला नव्हता.

"मॅडम, आईला काय सांगितलंत तुम्ही?"

ती उठून बाहेरच्या गच्चीत आली. "का? काय झालं?"

"काही झालं नाही. तेच तर. आली त्या दिवशी कालवड यवतला माझ्या मावशीकडं धाडली. दुसऱ्या दिवशी गोठ्याच्या कागदावर मुकाट सही करून दिली. म्हटलं, सुटलो. सहा महिने झाले, माझ्याशी एक शब्द बोललेली नाही. घरात असते, सगळं करते, फक्त माझ्या ताटात वाढत नाही." तो घाईघाईनं बोलत होता, जणू तिनं फोन ठेवण्याआधी सगळं सांगून टाकायचं होतं. "गेल्या आठवड्यात डेंगी झाला तिला. ॲडमिट केलं. नर्स सलाइन लावायला आली, तर आई काय म्हणाली माहितीये? म्हणाली, आधी माझ्या लेकाला विचारा, सुई द्यायची का न्हाय ते. अख्ख्या वॉर्डासमोर. बायको होती माझी, सासरे होते."

"आता कशा आहेत?"

"बरी आहे. आज घरी आणली." त्याच्या मागे रस्त्यावरच्या गाड्यांचे आवाज येत होते. पुन्हा बोलला तेव्हा आवाजात राग उरला नव्हता. "एक विचारतो. तिनं तुम्हाला माझ्याबद्दल विचारलं होतं का?"

खाली आवारात कुणीतरी कंदील टांगत होतं. उत्कर्षाच्या तोंडात दोन-तीन वाक्यं तयार होती, सगळी चांगली होती.

"नाही," ती म्हणाली. "मी आपणहून सांगितलं."

रणजितनं फोन ठेवला. तिनं तो कानापासून काढला नाही, आणि आतून कुणीतरी तिला हाक मारीपर्यंत तशीच उभी राहिली.